त्या सकाळी ‘नको’ कोणी म्हणायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात झालेल्या वक्तृत्व स्पर्धेत ‘कर्तृत्वाला वयाची अट नसते’ असा एक विषय होता. अशा विषयावर काय बोलायचे हे आपल्या सर्वांना तोंडपाठ असते. ज्ञानेश्वरीपासून आरंभ करायचा, तोरण्यावर यायचे, मध्येच एखादा शास्त्रज्ञ घ्यायचा आणि टाळ्यांच्या जागी आवाज चढवायचा. मीही तेच करणार होते. पण माझा क्रमांक आठवा होता आणि आधीचे सातही जण तोरण्यावर जाऊन आलेले असणार हे उघड होते. तेव्हा कोणी न सांगितलेले एखादे उदाहरण हवे म्हणून ग्रंथालयात शोधत बसले आणि मला जेसिका डुब्रॉफ सापडली. सात वर्षांची मुलगी, विमान चालवत अमेरिका ओलांडायला निघालेली! एवढे वाचून मला वाटले, आता पहिला क्रमांक आपलाच. पुढचे वाचले आणि पान मिटले.

स्पर्धेत मी तिचे नाव घेतले नाही. दुसऱ्याच कोणाचे उदाहरण दिले, आवाज चढवला, उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन खाली उतरले. पण ती मुलगी काही डोक्यातून गेली नाही. अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी करणारे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ आहे. त्याने या अपघाताचा जो अहवाल केला तो मी नंतर, शब्दकोश शेजारी ठेवून, जमेल तसा वाचला. व्यासपीठावर जे गिळले ते या लेखात सांगायचे आहे.

जेसिका कॅलिफोर्नियातली. सहाव्या वाढदिवसापासून ती विमान शिकू लागली. तिचा शिक्षक जो रीड हा बावन्न वर्षांचा, व्यवसायाने शेअर दलाल, आणि फावल्या वेळात विमान शिकवणारा. विमान त्याचेच होते. सेसना कार्डिनल नावाचे, एका इंजिनाचे, चार माणसांचे. वडील लॉइड डुब्रॉफ यांच्या मनात आले की आपल्या मुलीने पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत विमान न्यावे आणि असे करणारी ती सर्वांत लहान वैमानिक ठरावी. आठवा वाढदिवस ५ मे १९९६ रोजी होता. त्याच्या आत हे व्हायला हवे होते, नाहीतर वयाच्या आकड्यातली मजा एकाने कमी झाली असती. १० एप्रिल १९९६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील हाफ मून बे या समुद्रकाठच्या विमानतळावरून तिघे निघाले. पुढे डाव्या आसनावर जेसिका, उजवीकडे रीड, मागे वडील.

या प्रवासाची तयारी वाचताना माझे लक्ष वारंवार बारीकसारीक वस्तूंकडे जात होते. जेसिकाची उंची चार फूट दोन इंच. काचेतून बाहेर दिसावे म्हणून तिच्या आसनावर उशी ठेवली होती आणि पाय पोचावेत म्हणून पायांनी दाबायच्या पट्ट्यांवर ॲल्युमिनिअमचे तुकडे जोडले होते. तिच्या डोक्यावरच्या टोपीवर ‘स्त्रिया उडतात’ अशा अर्थाची अक्षरे होती. (खरे सांगायचे तर त्या टोपीनेच मी भुलले होते.) वडिलांनी प्रवासाचे नाव छापलेल्या टोप्या आणि सदरे तयार करवून घेतले होते. प्रत्येक मुक्कामी ते वाटायचे होते. एका दूरचित्रवाणी कंपनीने चित्रीकरणासाठी कॅमेरा आणि फिती दिल्या होत्या. वाटेतल्या गावांतून वार्ताहर भेटणार होते, मुलाखती ठरल्या होत्या. आठ दिवसांचे वेळापत्रक आधीच सर्वांच्या हातात होते.

आणि विक्रम? तो नोंदवणारे तर कोणीच नव्हते. गिनीजच्या पुस्तकाने सर्वांत लहान वैमानिक हा प्रकार काही वर्षे आधीच बंद करून टाकला होता, कारण त्यापायी अपघात होतील ही भीती त्यांना वाटत होती. अमेरिकेच्या कायद्याने सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला एकट्याने विमान उडवता येत नाही, सतरा वर्षांच्या आत परवाना मिळत नाही. म्हणजे जेसिका कायद्याच्या दृष्टीने वैमानिक नव्हतीच. वैमानिक होता रीड. त्याला त्याच्या नेहमीच्या दराने पैसे मिळणार होते आणि बुडणाऱ्या कामाची भरपाईही. आपल्या पत्नीजवळ तो असे बोलला होता म्हणतात की विमानविद्येच्या दृष्टीने यात विशेष असे काही नाही, शेजारी सात वर्षांची मुलगी बसली आहे आणि तिचे आईवडील खर्च करीत आहेत, इतकेच. मला या साऱ्या प्रकरणात हा एकच माणूस आपल्या घरात तरी खरे बोललेला दिसतो. बाहेर मात्र सगळे म्हणत होते, जेसिका विमान नेत आहे.

पहिल्या दिवशी नेवाडा राज्यातील एल्को, मग वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज असे थांबे घेत ते त्या राज्याच्या राजधानीत, शायेन येथे पोचले. दिवस लांबला होता. वाटेत एका टप्प्यात ‘वैमानिक’ झोपी गेली होती. वारा जोराचा होता म्हणून एका ठिकाणी विमान उतरवताना रीडला हात घालावा लागला. सात वर्षांचे मूल पहाटे उठवून दिवसभर बसवून ठेवले तर ते झोपणारच. त्यात तिचे काय चुकले?

आता शायेनविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. हे गाव डोंगरमाथ्यावर नाही, पठारावर आहे. सपाट दिसते. पण त्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६,१५० फूट उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. म्हणजे शायेनचे विमान जमिनीवर उभे असतानाच कळसूबाईच्या माथ्याहून साडेसातशे फूट वर असते. इतक्या उंचीवर हवा विरळ. इंजिनाला श्वास कमी मिळतो, त्याची ताकद घटते. पंखाखालून आणि पंखावरून वाहणारी हवाही विरळ, म्हणून तोच भार उचलायला विमानाला जमिनीवर अधिक लांब धावावे लागते आणि वर चढतानाही ते रेंगाळते. समुद्रकाठी शिकलेल्या आणि शिकवलेल्या माणसाला हे पुस्तकातून ठाऊक असते, पण हाताला त्याची सवय नसते. सपाट पठाराचा हाच धोका असावा. डोंगर दिसला तर माणूस सावध होतो.

११ एप्रिलची सकाळ. मुलाखत झाली. पुढचा थांबा नेब्रास्कातील लिंकन. विमानतळाच्या दिशेने वादळी पाऊस सरकत येत होता. रीडने दूरध्वनीवरून हवामानाची माहिती घेतली. वाईट हवेचा इशारा त्याला मिळाला होता, पण पूर्वेकडे आकाश बरे आहे असे त्याला दिसत होते. वादळ पोचायच्या आत निसटावे हा त्याचा हिशेब होता. घाईच्या खुणा अहवालात जागोजागी दिसतात. इंजिन सुरू केले तेव्हा पुढच्या चाकाला लावलेला ठोकळा काढायचाच राहून गेला होता. इंजिन बंद करून तो काढावा लागला. मग मनोऱ्याने कळवले की आता दिसण्याचे अंतर इतके कमी झाले आहे की नुसत्या डोळ्यांनी बघून उडणाऱ्यांना हा विमानतळ बंद समजावा. अशा वेळी वैमानिक एक खास परवानगी मागू शकतो. रीडने ती मागितली, आणि ती मिळाली. नुकत्याच उडालेल्या एका विमानाच्या वैमानिकाने सांगितले होते की वर वारा एकाएकी पंधरा नॉटने, म्हणजे ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटरने, कमीजास्त होत आहे. तेही त्याच्या कानावर घातले गेले.

कोणी म्हणेल, मनोऱ्याने अडवले का नाही? मलाही तोच प्रश्न पडला होता. पण नियम असा आहे की मनोरा माहिती देतो, वाट मोकळी आहे की नाही ते सांगतो. उडावे की उडू नये हा शेवटचा निर्णय विमानाच्या मुख्य वैमानिकाचा. तो अधिकार त्याच्याकडे एवढ्यासाठीच दिलेला असतो की त्याच्यावर दुसऱ्या कोणाचे दडपण असू नये. इथे तर मागच्या आसनावर यजमान बसले होते आणि पुढच्या गावी कॅमेरे वाट बघत होते.

सकाळी साडेआठच्या सुमारास पावसात विमान धावू लागले. बघणाऱ्यांनी नंतर सांगितले की ते फार हळू चढत होते आणि त्याचे पंख डुलत होते. त्याने उजवीकडे, पूर्वेच्या दिशेला वळण घेतले. आणि मग ते एकदम नाक खाली करून जवळच्या वस्तीतल्या रस्त्यावर कोसळले. धावपट्टीपासून एक मैलही दूर गेले नव्हते. तिघेही जागीच गेले. जमिनीवरच्या कोणाला इजा झाली नाही.

जे घडले त्याला त्या विद्येत ‘स्टॉल’ म्हणतात. मोटार बंद पडते तसे यात इंजिन बंद पडत नाही, ते चालूच असते. पण विमानाचा वेग ठराविक मर्यादेखाली आला आणि नाक वर धरलेले राहिले की पंखावरची हवा चिकटून वाहायची थांबते, आणि पंख पंख राहत नाही. ही मर्यादा भार वाढला की वर सरकते, वळण घेताना आणखी वर सरकते. आणि त्या विमानात भार जास्त होता. त्याची कमाल मर्यादा २,५०० पौंड. अहवालाच्या हिशेबाप्रमाणे उडताना ते सुमारे ९६ पौंड, म्हणजे साधारण ४३ किलो अधिक होते. आपल्याकडे चारच्या रिक्षात सात बसतात, त्यामुळे ४३ किलो ऐकून आपल्याला हसू येईल. पण रिक्षा जमिनीवर असते. खरे म्हणजे समुद्रकाठी, स्वच्छ हवेत, हाच जादा भार कदाचित खपूनही गेला असता. शायेनला विरळ हवा, वादळाचा वारा, पाऊस, जादा भार आणि वळण हे सगळे एकाच मिनिटात एकत्र आले. यातले एकही त्या मुलीने आणलेले नव्हते.

अपघातानंतर देशभर हलकल्लोळ झाला. ‘टाइम’ साप्ताहिकाने जेसिकाचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले आणि तिला कोणी मारले असा प्रश्न त्यावर घातला. बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते : आईबापांनी. सात वर्षांच्या पोरीच्या हाती कोणी विमान देते का? हे ऐकून अमेरिकेच्या काँग्रेसने त्याच वर्षी कायदा केला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची त्यावर सही झाली. परवाना नसलेली व्यक्ती विक्रम करण्यासाठी किंवा अचाट कृत्यासाठी विमान चालवू पाहते आहे हे ठाऊक असताना मुख्य वैमानिकाने तिच्या हाती विमान दिले, तर त्याचा परवाना जाईल, असा तो कायदा.

चौकशी मंडळाचा अहवाल मार्च १९९७ मध्ये आला, आणि त्याचे म्हणणे या हलकल्लोळाहून बरेच वेगळे आहे. शेवटच्या क्षणी विमान चालवत होता तो रीड, जेसिका नव्हे, असा मंडळाचा निष्कर्ष आहे. अपघाताचे कारण म्हणून त्यांनी मुलीचे वय लिहिलेले नाही. त्यांनी लिहिले ते असे की, बिघडत चाललेल्या हवेत, विमानात जादा भार असताना आणि सवयीपेक्षा विरळ हवा असताना, मुख्य वैमानिकाने उडण्याचा चुकीचा निर्णय घेतला, आणि वेग राखता न आल्यामुळे विमान स्टॉल झाले. आणि त्या निर्णयाला हातभार लावणारे कारण म्हणून त्यांनी नोंदवले आहे की झेपण्यापलीकडचे वेळापत्रक पाळण्याची इच्छा होती, आणि ती काही अंशी वार्ताहरांना दिलेल्या शब्दामुळे होती.

मला यात काय दिसते ते सांगते. माझ्या मते कायदा योग्य आहे, पण त्यामुळे लोकांची एक सोयीची समजूत कायम राहिली : मूल विमान चालवत होते म्हणून विमान पडले. ही समजूत बरी वाटते, कारण मग आपण मुलांना विमानात बसवले नाही की सुटलो. प्रत्यक्षात एक परवानाधारक, अनुभवी, बावन्न वर्षांचा माणूस विमान चालवत होता. त्याच्या जागी कोणीही असता, आणि बाजूला मुलीऐवजी एखादा आमदार बसलेला असता, तरी वेळापत्रक तसेच असते तर विमान तसेच पडले असते. या दुर्घटनेत मुलीचे वय आले ते वेगळ्याच वाटेने. वय सात म्हणून बातमी झाली, बातमी झाली म्हणून तारखा आणि मुक्काम गावोगाव जाहीर झाले, आणि एकदा जाहीर झाल्यावर ‘आज नको, पाऊस गेल्यावर बघू’ हे साधे वाक्य तिघांपैकी कोणालाही बोलता येईना.

एकेकाचा विचार करा. वडील म्हणू शकत नव्हते, कारण विक्रमाची कल्पना त्यांची, टोप्या त्यांनी छापलेल्या. शिक्षक म्हणू शकला असता, तो अधिकार त्याचाच होता. पण तो भाड्याने घेतलेला, आणि जगाच्या दृष्टीने हे उड्डाण त्याचे नव्हतेच, ते ‘तिचे’ होते. दुसऱ्याच्या नावावर चाललेल्या कामात धोका दिसला तरी माणूस तोंड उघडायला कचरतो. आणि जेसिका? जिच्या नावाने सगळे चालले होते ती? तिला सकाळी ‘मला आज नको’ असे वाटले असेल की नाही मला माहीत नाही. पण वाटले असते तरी ती कोणाला सांगणार होती? मोठी माणसे म्हणत होती की ही तिची इच्छा आहे. सात वर्षांच्या मुलीची खरोखर तशी इच्छा असूही शकते, मला त्यात शंका नाही. पण जी इच्छा मागे घेण्याची सोय नाही तिला इच्छा म्हणावे का?

आपल्याकडे दहीहंडीच्या सर्वांत वरच्या थरावर चढवलेल्या पोराविषयी हेच बोलले जाते. ‘त्यालाच हौस आहे हो!’ हौस असेलही. पण आठ थर रचून झाल्यावर, खाली ध्वनिक्षेपकावरून बक्षिसाची रक्कम घोषित होत असताना, ते पोर ‘मला उतरवा’ म्हणाले तर कोण ऐकणार आहे? २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या मुलांना थरांत घ्यायला मनाई केली तेव्हा संस्कृतीवर घाला म्हणून केवढी ओरड झाली होती. पुढे २०१७ मध्ये चौदा वर्षांची मर्यादा ठरली. पण ते असो. मला फक्त इतकेच म्हणायचे आहे की ही गोष्ट अमेरिकेतल्या श्रीमंत हौशी बापांची म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही.

आणि दहीहंडीपर्यंत तरी कशाला जाऊ? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. बारावीला गुण बरे पडले तेव्हा गावात सत्कार झाला. पाहुण्यांनी भाषणात सांगून टाकले की आमची ही लेक उद्या कलेक्टर होऊन लाल दिव्याच्या गाडीतून गावात येणार. (लाल दिवे २०१७ सालीच गेले, पण भाषणांतून ते अजून गेलेले नाहीत.) टाळ्या पडल्या. मी खुर्चीवर नारळ मांडीत घेऊन बसले होते. कलेक्टर व्हायचे असे मी कधी कोणाला म्हटले नव्हते. त्या दिवशी ‘नाही’ही म्हटले नाही. आता दोन वर्षे झाली, एस्.टी.च्या थांब्यावर, दळणाला गेले तर गिरणीत, लोक विचारतात, ‘काय कलेक्टरबाई, कुठवर आलं?’ आमचे आबा साधे माणूस आहेत, त्यांनी माझ्यावर कधी जबरदस्ती केलेली नाही. पण त्यांनाही आता दुसरे काही सांगता येत नाही. माझे विमान काही पडणार नाही हे खरे, तुलना फार ताणू नये हेही कळते. मात्र अहवालातले ते वेळापत्रकाचे वाक्य वाचताना मी शब्दकोशाकडे न बघता थांबले, एवढे सांगते.

या लेखाचा कच्चा खर्डा आमच्या एका प्राध्यापकांना दाखवला तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, ‘धोका पत्करल्याशिवाय पहिले कोणी होत नाही. तू स्वतः घरातली पहिली आहेस. तुझ्या आबांनी लोक काय म्हणतील याचा विचार करून ‘नको’ म्हटले असते तर तू आज कुठे असतीस?’ आक्षेप जबर आहे आणि मी त्यावर दोन दिवस विचार केला. मला वाटते, निघण्याचे धाडस आणि न थांबण्याचा हट्ट या दोहोंत आपण गल्लत करतो. जेसिकाने विमान शिकणे यात मला काही गैर दिसत नाही. १९९३ साली अकरा वर्षांची व्हिकी व्हॅन मीटर शिक्षकाला शेजारी बसवून अमेरिका ओलांडून गेली होती आणि सुखरूप पोचली होती. तिच्या वाटेतही कुठेतरी पाऊस आलाच असेल. हाफ मून बेहून निघणे हे धाडस होते असे हवे तर म्हणावे. शायेनहून त्या सकाळी निघणे याला मी धाडस म्हणणार नाही. वादळी पाऊस काही मुक्काम करून राहत नाही. दोन घटका थांबले असते तर काय गेले असते? एक मुलाखत. फार तर एक दिवस, आणि वाढदिवसाला अजून चोवीस दिवस होते.

जाता जाता त्या अहवालातली एक गोष्ट, जी माझ्या मनातून जात नाही. अशा अहवालांत कोणाची नावे देत नाहीत. जेसिकाचे नाव त्यात नाही. वर्तमानपत्रांनी जिला वैमानिक म्हटले, तिला तिथे शिकाऊ वैमानिक म्हटले आहे आणि वडिलांना मागच्या आसनावरचा प्रवासी. आणि ज्यासाठी हे सगळे झाले तो ‘विक्रम’ हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत टाकला आहे.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा मी धीर केला. रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर आबांना म्हटले, ‘आबा, कलेक्टरचं मी कधी बोलले नव्हते. मला अजून काही ठरवता आलेलं नाही.’ आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, ‘मग गावात काय सांगू गं?’

‘अजून ठरलं नाही म्हणून सांगा.’

त्यांनी मान हलवली. अद्याप सांगितलेले नाही, असे आई परवा फोनवर म्हणाली.